महिलांच्या स्की २०२४-२५ मध्ये बदलणार आहेत : सवलतीतली जोडी आत्ता घ्यावी की थांबावे?

तुमच्या पत्रातला तपशील आधी इथे मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. हे उत्तर मार्च २०२४ मधले आहे, तेव्हा 'यंदा' म्हणजे २०२३-२४ चा आणि 'पुढचा' किंवा 'येता' मोसम म्हणजे २०२४-२५ चा. तुम्ही डेन्व्हरला राहता, उंची १६२ सेंटीमीटर, वजन ५८ किलो. बहुतेक शनिवार-रविवारी कॉपर माउंटन किंवा विंटर पार्कला जाता, ग्रूम केलेल्या, म्हणजे यंत्राने सपाट केलेल्या उतारांवर आत्मविश्वासाने उतरता आणि विंटर पार्कच्या मेरी जेन भागातल्या मोगलांमध्ये (बर्फाच्या उंचवट्यांमध्ये) अजून अडखळता. सध्याची स्की ब्लिझार्ड कंपनीची २०१७-१८ ची ब्लॅक पर्ल ८८ आहे (नावातला आकडा म्हणजे स्कीची मधली रुंदी, मिलीमीटरमध्ये) आणि सकाळच्या गोठलेल्या बर्फावर वेग घेतला की तिचे टोक थरथरते, ही तुमची मुख्य तक्रार आहे. दुकानदार यंदाच्या मोसमातली ब्लॅक पर्ल ९७ चाळीस टक्के सवलतीत देऊ करतो आहे, पण पुढच्या मोसमात ही सगळी मालिका बदलणार असल्याचे तुम्ही ऐकले आहे. शिवाय, महिलांची स्की म्हणजे तीच स्की वेगळ्या रंगात विकण्याची युक्ती आहे का, अशी शंकाही तुम्ही विचारली आहे.

माझे उत्तर असे : ९७ घेऊ नका, स्कीसाठी पुढच्या मोसमापर्यंत थांबा आणि या वसंतात पैसे खर्च करायचेच असतील तर ते बुटांवर करा. स्की निवडून देणे, बूट पायाला बसवून देणे आणि बाइंडिंग (बूट स्कीला पकडून ठेवणारा आणि पडल्यावर सोडणारा चाप) जोडणे हेच माझे रोजचे काम आहे, आणि एरवी मी मार्च महिन्यात कोणालाही थांबायला सांगत नाही, कारण बहुतेक वर्षी पुढच्या मोसमाची 'नवी' स्की ही जुनीच स्की असते, फक्त तिच्यावरचे चित्र बदललेले असते. तुमच्या बाबतीत वेगळा सल्ला का देतो आहे, ते सविस्तर सांगतो.

स्की साच्यात घालून, उष्णता आणि दाब देऊन चिकटवली जाते. प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक लांबीला स्वतंत्र साचा लागतो. एक मॉडेल सहा लांब्यांत निघत असेल तर सहा साचे. हा खर्च एका वर्षात वसूल होत नाही, म्हणून कंपन्या एकच रचना साधारण तीन-चार वर्षे चालवतात आणि मधल्या वर्षांत केवळ टॉपशीट, म्हणजे वरचा चित्राचा थर बदलतात. ब्लॅक पर्लचेच पाहा. २०१७-१८ मध्ये तिच्या ७८, ८८ आणि ९८ अशा रुंदी होत्या. २०२०-२१ मध्ये कोरची (आतल्या लाकडी गाभ्याची) रचना बदलली आणि रुंदी ८२, ८८ आणि ९७ झाल्या. आता २०२४-२५ मध्ये ८४, ८८ आणि ९४ येत आहेत. मधल्या वर्षांत दुकानात आलेली प्रत्येक 'नवी' ब्लॅक पर्ल ही रंगाने नवी होती. एखाद्याने २०२२ च्या वसंतात सवलतीतली जोडी सोडून पुढच्या मोसमाची वाट पाहिली असेल, तर त्याने केवळ नव्या चित्रासाठी पूर्ण किंमत मोजली.

त्यामुळे 'पुढच्या वर्षी बदल आहे' असे कानावर आले की तो कोणता, हे दुकानदाराच्या बोलण्यावरून ठरवू नये. दोन्ही वर्षांच्या तपशीलपत्रकांतल्या चार गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात : टोक, मध्य आणि शेपूट यांच्या रुंदीचे तीन आकडे, वळणाची त्रिज्या (स्कीच्या कडांच्या बाकावरून ती किती मोठे वळण घेते त्याचा आकडा), एका स्कीचे वजन आणि उपलब्ध लांब्यांची यादी. चारही जुळत असतील तर फरक रंगाचा आहे असे समजून खुशाल सवलत घ्यावी. रुंदी एका मिलीमीटरने जरी हलली असेल तरी साचा नवा आहे, आणि साचा नवा असेल तर कंपनीने आतही हात घातला असण्याची शक्यता मोठी असते. नॉर्डिका कंपनीची महिलांची स्की सांता आना हे याचे ताजे उदाहरण आहे. ८८, ९३ आणि ९८ या तिच्या रुंदी पुढच्या मोसमात ८७, ९२ आणि ९७ होत आहेत. एका मिलीमीटरचा फरक बर्फावर कोणालाही जाणवणार नाही. पण लाकडी कोरच्या मध्ये आता रबरासारख्या लवचीक पदार्थाचा पूर्ण लांबीचा थर येतो आहे आणि तो मात्र खडबडीत, कापल्या गेलेल्या बर्फावर जाणवतो. उलट ब्लॅक पर्ल ८८ च्या नावातला आकडा तोच राहिला आहे आणि आतली रचना बदलली आहे. नावातल्या आकड्यावर विसंबू नये, ते यासाठी.

आता या बदलाकडे जरा जवळून पाहू, कारण तुमच्या तक्रारीचा त्याच्याशी थेट संबंध आहे. २०२०-२१ पासूनच्या ब्लॅक पर्ल ८८ मध्ये बीच आणि पॉप्लर या दोन लाकडांच्या पट्ट्या आलटून-पालटून लावलेल्या होत्या, टोकांकडे पाउलोनियाचे हलके लाकूड होते आणि ही मांडणी प्रत्येक लांबीसाठी वेगळी केलेली होती. मात्र तिच्यात धातूचा पूर्ण लांबीचा थर नव्हता. तो ९७ मध्ये होता. येत्या मोसमात तिन्ही रुंदींमध्ये टायटॅनल येत आहे. टायटॅनल म्हणजे टायटॅनियम नव्हे, ॲल्युमिनियमचे एक मिश्रधातू आहे. ऑस्ट्रियातली आमाग ही कंपनी ते बनवते आणि स्कीत त्याचा साधारण अर्ध्या मिलीमीटर जाडीचा पत्रा वापरतात. लाकूड आणि काचतंतूच्या सँडविचमध्ये हा पत्रा बसला की स्की थोडी जड होते, पिळायला कठीण होते आणि कडक बर्फावरून येणारी थरथर लवकर शमते. तोटा असा की पूर्ण रुंदीचा अखंड पत्रा घातला तर हलक्या व्यक्तीला ती स्की वाकवताच येत नाही, आणि न वाकणारी स्की मोगलांत तुम्हाला हवी तिकडे न जाता स्वतःला हवी तिकडे जाते.

ब्लिझार्डने यावर काढलेला मार्ग त्यांच्या शीव्हा या महिलांच्या रुंद स्कींच्या मालिकेत २०२३-२४ मध्येच येऊन गेला आहे. फ्लक्सफॉर्म नावाच्या त्या रचनेत धातूच्या लांब पट्ट्या दोन्ही एजांच्या (स्कीच्या कडेच्या पोलादी धारांच्या) वर ठेवतात आणि पायाखाली एक स्वतंत्र तुकडा घालतात. जिथे पकड हवी त्या काठांवर धातू मिळतो, आणि टोक व शेपटीजवळचा मधला भाग मोकळा राहिल्यामुळे स्कीला थोडा पीळ बसू शकतो. पुढच्या मोसमातल्या ब्लॅक पर्लमध्ये हीच कल्पना अधिक अरुंद स्कीला लावली आहे. व्यापाऱ्यांसाठी हिवाळ्यात होणाऱ्या चाचण्यांत मी ८८ आणि ९४ या दोन्हींवर उतरून पाहिले. जुन्या ८८ पेक्षा नवी ८८ गोठलेल्या उतारावर निश्चितच शांत वाटली आणि लहान वळणांत फारशी हट्टी वाटली नाही. अर्थात माझे वजन तुमच्याहून बरेच जास्त आहे, तेव्हा या मताला तेवढेच महत्त्व द्यावे. माझ्याबरोबर आलेल्या हलक्या वजनाच्या सहकारी महिलेला नवी ८८ आवडली, पण मोगलांत जुनी ८८ सोपी होती असे तिने स्पष्ट सांगितले. हा मुद्दा तुमच्या कामाचा आहे, त्याकडे पुन्हा येतो.

जाता जाता : शीव्हाची रचना नुकतीच बदललेली असल्यामुळे येत्या मोसमात तिच्यात मोठा बदल नाही. कोणाला रुंद, मऊ बर्फातली स्की हवी असेल आणि दुकानात यंदाची शीव्हा सवलतीत मिळत असेल, तर तिच्यासाठी थांबण्याचे काहीही कारण नाही.

महिलांची स्की ही नुसती रंगाची करामत आहे का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कंपनीगणिक बदलते. काही मालिकांत तीच स्की, त्याच साच्यातून, वेगळ्या चित्रासह आणि कमी लांब्यांमध्ये येते. यात मला गैर काही दिसत नाही, अट एवढीच की त्यांनी तसे सांगितले पाहिजे. दुसऱ्या टोकाला, पंधरा-वीस वर्षांपूर्वी अनेक कंपन्या महिलांसाठी मुद्दाम मऊ, हलक्या आणि वेग वाढला की दगा देणाऱ्या स्की बनवत असत, ही गोष्टही खरी आहे. महिलांना सोपीच स्की हवी असते, हा समज त्यामागे होता. स्पर्धेच्या आजच्या नियमांत त्याला आधार नाही : आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमानुसार जायंट स्लॅलम या शर्यतीत वळणाच्या त्रिज्येची किमान मर्यादा स्त्री आणि पुरुष दोघांनाही ३० मीटरच आहे, फक्त लांबीची किमान मर्यादा महिलांना १८८ आणि पुरुषांना १९३ सेंटीमीटर आहे.

खरा मुद्दा स्त्री-पुरुष हा नसून वजन आणि लांबीचा आहे, आणि तो थोड्या गणितानेच नीट समजतो. लांब फूटपट्टी सहज वाकते, तिचाच अर्धा तुकडा तेवढ्याच जोराने वाकत नाही. स्कीचेही तसेच आहे. समजा ८२ किलोचा माणूस १७८ सेंटीमीटरच्या स्कीवर उभा आहे आणि तुम्ही त्याच जाडीच्या, त्याच घडणीच्या पण १५८ सेंटीमीटरच्या स्कीवर आहात. स्कीला साधी पट्टी मानले तर तिला येणारा बाक हा भार आणि लांबी यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. तुमचा भार त्याच्या सुमारे ७१ टक्के आणि तुमची स्की त्याच्या स्कीच्या सुमारे ८९ टक्के, म्हणजे तुमच्या स्कीला त्याच्या तुलनेत जेमतेम ६३ टक्के बाक येईल. एकच मॉडेल, पण तुम्हाला ते बरेच कडक लागेल. आता ताठपणा हा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे हा फरक भरून काढायला जाडी फक्त १४ टक्क्यांनी कमी करावी लागते : पायाखाली १२ मिलीमीटर जाडी असेल तिथे सुमारे १०.३ मिलीमीटर. दुकानात हातात घेऊन पाहताना हा फरक दिसणारही नाही, पण बर्फावर त्यानेच सगळे ठरते.

म्हणूनच मी स्कीवर 'महिला' लिहिले आहे की नाही हे पाहत नाही. प्रत्येक लांबीसाठी आतली रचना बदलली आहे की नाही, हे विचारतो. फोल्क्ल कंपनीने २०२१-२२ मध्ये पुरुषांच्या मँट्रा एम-६ मध्ये आणि महिलांच्या सीक्रेट ९६ मध्ये एकाच वेळी हे केले. टायटॅनलच्या चौकटीचा आकार लांबीनुसार कमी-जास्त केला. नॉर्डिका सांता आनामध्ये रुंदीनुसार धातूचे प्रमाण बदलते : अरुंद स्कीत जास्त, रुंद स्कीत कमी, कारण अरुंद स्की कडक बर्फावर जास्त चालते. गेल्या चार-पाच वर्षांतली महिलांच्या स्कीमधली खरी प्रगती माझ्या मते एवढीच आहे, आणि ती पुरेशी मोठी आहे. बाकी जाहिरातींत येणारी तंत्रज्ञानाची भारदस्त नावे पाठ करण्याची गरज नाही.

तुमच्या निवडीकडे वळतो. ९७ नको, याचे कारण तिचा दर्जा नव्हे. ती चांगली स्की आहे. पण ९७ मिलीमीटर रुंदीची स्की एका एजवरून दुसऱ्या एजवर न्यायला वेळ आणि ताकद लागते, गुडघ्यावर पीळ जास्त येतो, आणि तुम्ही लिहिलेल्या दिवसांपैकी बहुतेक दिवस ग्रूम केलेल्या उतारांवर जातात. ती सवलतीत आहे म्हणून स्वस्त आहे, तुम्हाला योग्य आहे म्हणून नव्हे. आठवड्याला तीस-चाळीस सेंटीमीटर ताजा बर्फ पडतो अशा ठिकाणी तुम्ही राहत असता आणि झाडांमधून उतरत असता, तर मी वेगळे बोललो असतो. तुमच्यासाठी ८८ हीच रुंदी योग्य आहे, फार तर ९२ ते ९४.

मग नवी ८८ की सवलतीतली जुनी, म्हणजे यंदापर्यंतची ८८? तुमच्या दोन तक्रारी दोन दिशांना ओढतात. गोठलेल्या बर्फावरची थरथर नवी स्की कमी करील. मोगलांत मात्र जुनी, धातूविना असलेली स्की जास्त क्षमाशील आहे. तुम्ही मोगलांमधली अडचण आज ना उद्या कौशल्याने सोडवाल, पण पकड स्कीमध्ये नसेल तर ती कौशल्याने एका मर्यादेपर्यंतच येते. म्हणून माझा कल नव्या ८८ कडे आहे, आणि लांबी १५८ च्या आसपास, १६४ नव्हे. धातू आल्यावर लांबी वाढवून स्थिरता विकत घेण्याची गरज उरत नाही.

तरीही एक शंका मला आहे, आणि ती तुम्ही पैसे खर्च करण्यापूर्वी निस्तरली पाहिजे. टोकाजवळ रॉकर असलेल्या, म्हणजे टोकाकडे आधीपासूनच वर उचललेल्या प्रत्येक स्कीचे टोक सरळ उतरताना थोडे फडफडते, कारण तो भाग बर्फाला टेकलेलाच नसतो. तो दोष नाही. स्की एजवर टाकून वळण घेत असताना पायाखाली थरथर जाणवत असेल तर मात्र ती तक्रार खरी. त्यातही सात मोसम वापरलेल्या स्कीच्या एजना शेवटची धार कधी लावली, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. या आठवड्यात एखाद्या चांगल्या दुकानात एज घासून, तळ सपाट करून घ्या आणि मगच सकाळच्या बर्फावर पुन्हा पाहा. आमच्या टेबलावर येणाऱ्या 'थरथरणाऱ्या' स्कीपैकी कितीतरी जोड्यांच्या तळाला मधोमध खोलगटपणा आलेला असतो. स्टीलची सरळ पट्टी तळावर आडवी ठेवून उजेडाकडे धरली की मधल्या फटीतून प्रकाश दिसतो. अशी स्की कोणाच्याही पायाखाली सरळ राहणार नाही.

आता बूट. तुम्ही लिहिले आहे की पहिल्या वर्षी 'आरामदायक' म्हणून घेतलेले बूट अजून वापरता आणि बकल शेवटच्या खाचेपर्यंत ओढावे लागते. ही खूण स्पष्ट आहे : बूट किमान एका मापाने मोठा आहे. स्कीला दिलेली प्रत्येक सूचना बुटातून जाते, आणि टाच आत हलत असेल तर जगातली कोणतीही स्की तुम्हाला उशिरा प्रतिसाद देईल. पोटरीचा मुद्दाही महिलांच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. अनेक स्त्रियांच्या पोटरीचा फुगवटा पुरुषांच्या तुलनेत खाली असतो. बुटाचा वरचा घेर उंच आणि अरुंद असेल तर तो पोटरीला मागून ढकलतो, गुडघे नको तितके वाकतात आणि तोल सांभाळण्यासाठी शरीर मागे बसते. पूर्वी यावर उपाय म्हणून बाइंडिंग पुढे सरकवण्याची शिफारस फार होत असे. काहींना त्याचा खरोखर उपयोग होतो. पण बुटाचा घेर दुरुस्त न करता बाइंडिंग सरकवणे मला पटत नाही. स्कीच्या बाजूवर कंपनीने जी रेघ छापलेली असते, तिथूनच सुरुवात करावी.

नव्या स्कीची चाचणी घेण्याची संधी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुकाने आणि रिसॉर्ट देतात, आणि अनेक ठिकाणी चाचणीचे भाडे खरेदीच्या रकमेतून वजा होते. चाचणी दुपारी मऊ झालेल्या बर्फावर घेऊ नका. तुमची तक्रार सकाळची आहे, तेव्हा पहिल्या लिफ्टला जा, जुनी ८८ आणि नवी ८८ एकाच उतारावर आलटून-पालटून वापरा आणि मग दोन्हींवर मेरी जेनचा एखादा सोपा मोगलांचा उतार उतरा. चाचणीच्या स्कीवर सरकणारी बाइंडिंग असते, ती नेहमीच्या बाइंडिंगहून जड असते. वजनाचा अंदाज बांधताना एवढे ध्यानात ठेवा.

तुमची पुण्याची बहीण फेब्रुवारीत गुलमर्गला पहिला अभ्यासक्रम करणार आहे आणि तिच्यासाठी तुमची जुनी जोडी पाठवावी का, असे तुम्ही विचारले आहे. पाठवू नका. तिथल्या भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्थेच्या अभ्यासक्रमात साहित्य मिळते, आणि नवशिकीला खालच्या सौम्य उतारांवर तुमच्या स्कीपेक्षा पुष्कळ आखूड स्की लागेल. गोंडोलाचा (तिथल्या केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवाट शिखरावर सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत नेतो; तिथला खोल, न दाबलेला बर्फ हे रुंद स्कीचे आणि अनुभवी लोकांचे काम आहे.

शेवटी बाइंडिंग, कारण बूट आधी घेण्याच्या माझ्या सल्ल्यात इथे एक अडचण लपलेली आहे. आजकाल बहुतेक नव्या बुटांना चालायला सोयीचा, पुढून वर वळलेला ग्रिपवॉक तळवा असतो, आणि २०१७-१८ मधल्या अनेक बाइंडिंग फक्त जुन्या सपाट, आयएसओ ५३५५ मानकाच्या तळव्यांसाठी बनवलेल्या आहेत. असा बूट अशा बाइंडिंगमध्ये वरवर बसतो, पण पडल्यावर सुटेलच याची खात्री राहत नाही. तेव्हा बूट घेताना जुनी स्की दुकानात बरोबर न्या. बाइंडिंगवर ग्रिपवॉकची खूण नसेल तर बुटाचे तळवे बदलून सपाट बसवता येतात का ते विचारा आणि एप्रिलपुरते तसे वापरा. बाइंडिंग सुटण्याचा आकडा (किती जोर आल्यावर बूट सुटावा ते) लावून घेताना वजन, उंची, वय आणि तुम्ही किती आक्रमकपणे उतरता हे अगदी खरे सांगा. आकडा जास्त म्हणजे दर्जा वरचा असे काही नसते, आणि गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या (लिगामेंटच्या) दुखापती हौशी महिलांमध्ये पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त आढळतात. नवी ८८ घ्याल तेव्हा बाइंडिंगही नवीच घ्या आणि ब्रेकची (बूट सुटल्यावर स्की थांबवणाऱ्या हातांची) रुंदी ९० ते १०० मिलीमीटरच्या दरम्यान मागा. सवलतीत मिळते म्हणून ११० ची घेतली तर ब्रेकचे बाहेर आलेले हात कडक बर्फावर वळणात घासतील.